किरि म्हणजे नक्षी, किरि म्हणजे पत्र

एस्टोनियन भाषेत पत्राला ‘किरि’ म्हणतात. टपालाने येते ते पत्र. लोकरीच्या हातमोज्यावर विणलेल्या नक्षीलाही ‘किरि’च म्हणतात. हे दोन निराळे शब्द योगायोगाने सारखे ऐकू येतात, असे नाही. शब्द एकच आहे. त्याच्यापासूनच ‘किर्यु’ म्हणजे रंगीबेरंगी, ‘किर्यमा’ म्हणजे नक्षीने सजवणे. आणि त्याच्यापासूनच ‘किर्युतमा’ म्हणजे लिहिणे, ‘किर्यानिक’ म्हणजे लेखक, ‘किर्यान्दुस’ म्हणजे साहित्य. शेजारच्या फिनिश भाषेत हाच शब्द ‘किर्या’ असा होतो आणि त्याचा अर्थ पुस्तक.

यातला जुना अर्थ नक्षीचा. बाल्टिक समुद्राच्या काठच्या या छोट्या देशात लिपी आली ती जर्मन धर्मोपदेशकांच्या मागोमाग. एस्टोनियन मजकूर असलेले आणि आज काही पाने तरी उरलेले सर्वांत जुने छापील पुस्तक 1535 सालचे, विटेनबर्गला छापलेले. उलट, ईशान्य एस्टोनियात योउगा इथल्या दफनभूमीत विणलेल्या हातमोज्याचा जो तुकडा सापडला, तो तेराव्या शतकाच्या अखेरचा किंवा चौदाव्याच्या सुरुवातीचा मानतात. म्हणजे कागदावर खुणा उमटवण्याची वेळ आली तेव्हा लोकरीवर खुणा उमटवणाऱ्या बायका कधीच्या तयार होत्या, आणि त्यांच्या कामाचे नाव नव्या कामाला मिळाले. लेखनाला स्वतःचा शब्द नव्हता. तो नक्षीने दिला.

आपल्या ‘लिहिणे’च्या पोटातही असेच काही आहे. ‘लिख्’ म्हणजे मुळात ओरखडणे, रेघ ओढणे. म्हणून संस्कृतात चित्रही लिहिले जाते आणि चित्र काढणारीचे नाव चित्रलेखा असते. पण मराठीत आता हा धागा सुटला आहे. चित्र आपण काढतो, नक्षी कोरतो, कशिदा भरतो आणि अक्षर तेवढे लिहितो. एस्टोनियनमध्ये तो धागा सुटला नाही. तिथली विणकर बाई आजही ‘किंदकिरि’ म्हणते, म्हणजे हातमोज्याची नक्षी, आणि त्यात पत्राचाही ध्वनी असतो. आजचे एस्टोनियन वस्त्रकलाकार जुन्या नक्षीकडे वळतात तेव्हा ते काय करतात, हे समजायला मला तरी या एका शब्दाइतकी मदत दुसऱ्या कशाची झाली नाही.

त्या नक्षीतली सर्वांत ओळखीची खूण म्हणजे ‘काहेक्साकांद’, आठ टोकांची चांदणी. ‘काहेक्सा’ म्हणजे आठ, ‘कांद’ म्हणजे टाच, आठ टाचांची. आकड्याचा शब्दसुद्धा पाहण्यासारखा आहे. त्यात ‘काक्स’, म्हणजे दोन, दडलेला आहे: दहाला दोन कमी. नऊ हा ‘युहेक्सा’, दहाला एक कमी, जसा आपला एकोणीस विसाला एक कमी. ही चांदणी राखणारी मानली जाई. म्हणून ती हातमोज्यांवर, पट्ट्यांवर, नवरीच्या कापडांवर येई.

आता ती कपांवर, पिशव्यांवर, विमानतळावरच्या भेटवस्तूंवर छापलेली दिसते, आणि इथे मला थांबावेसे वाटते. कारण ही खूण कुणी कागदावर काढून मग लोकरीत उतरवलेली नाही. मोज्यावरचे तिचे रूप विणण्यातूनच घडले. दोन रंगांचे मोजे विणताना जो रंग त्या टाक्यात वापरायचा नसतो, त्याचा धागा मागून मोकळा न्यावा लागतो. मागे तो फार लांब सुटला तर मोजा घालताना बोटे त्यात अडकतात. म्हणून एका रंगाचे टाके सलग फार घेता येत नाहीत; चार-पाच झाले की रंग बदलावा लागतो. तिरकी रेघ मात्र सहज येते, दर ओळीला एक टाका सरकवला की झाले. या अडचणीतून आणि या सोयीतून आठ टाचांची चांदणी आकाराला येते. विणकामात टाक्याला एस्टोनियन ‘सिल्मुस’ म्हणतात आणि तो शब्द ‘सिल्म’पासून झाला, ‘सिल्म’ म्हणजे डोळा. डोळे मोजत नक्षी चालते. कपावर छापताना मोजायला काही उरत नाही. चांदणी दिसते, पण ती तिथे का अशी आहे याचे कारण गेलेले असते.

अनु राउद या 1943 साली जन्मलेल्या वस्त्रकलाकार. विल्यांदी परगण्यातल्या हेइम्ताली या खेड्यात त्यांनी हातमोजे, मोजे, पट्टे, पांघरुणे, शेतघरातल्या साध्यासुध्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या, जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांचे संग्रहालय उभे केले आणि पुढे ते सगळे एस्टोनियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकले. त्यांच्या मोठ्या भिंतपडद्यांत हातमोज्यांच्या नक्ष्या येतात, पण शोभेचा काठ म्हणून येत नाहीत. सबंध पडदाच कधी एका मोज्याचा पंजा होतो. वाचता येणाऱ्याने लिहावे तसे ते काम आहे. नुसते अक्षर सुंदर आहे म्हणून गिरवणारा आणि वाक्य लिहिणारा यांतला फरक तिथे उघड दिसतो.

मोजे जपून ठेवण्याची ही हौस कुठून आली, तेही एका शब्दात आहे. ‘वेइमेद’ म्हणजे नवरीने लग्नात वाटायच्या भेटी: हातमोजे, पायमोजे, पट्टे. त्या भरलेल्या पेटीला ‘वेइमेवाक्क’. मुलगी लहान असल्यापासून ही पेटी भरत जाई, कारण सासरच्या प्रत्येक माणसाला काहीतरी द्यावे लागे. आणि माणसांपुरतेच नाही. नव्या घरी आलेली नवरी विहिरीपाशी, गोठ्यात, गुराढोरांनाही पट्टा नाहीतर मोजा ठेवी. आपली ओळख करून देण्याची ही रीत. एवढ्या जोड्या विणायच्या म्हणजे नक्ष्या पाठ हव्यात, आणि एकीसारखी दुसरी नको. पट्ट्याला ‘किरिव्यो’ म्हणतात, नक्षीचा पट्टा. पांढऱ्या लिननच्या धाग्यांमध्ये लाल लोकरीचे उभे धागे असतात आणि विणताना त्या लाल धाग्यांतले हवे ते बोटांनी उचलून घ्यायचे. याला क्रियापद ‘कोर्यमा’, वेचणे, गोळा करणे. बोरे वेचायची तशी नक्षी वेचायची.

पश्चिम किनाऱ्यावरच्या हाप्सालू गावच्या शालींच्या नक्ष्यांची नावेही ‘किरि’नेच संपतात. ‘लेहेकिरि’ पानांची. ‘पीबेलेहेकिरि’ एका पांढऱ्या घंटेसारख्या रानफुलाची. ‘क्रोनप्रिंत्सि किरि’ युवराजाची; स्वीडनचा युवराज गुस्ताफ आडोल्फ 1932 साली हाप्सालूला आला, तेव्हा त्याच्यासाठी केलेली. ग्रेटा गार्बोच्या नावाचीही एक नक्षी आहे. या शालीचे सूत इतके बारीक असते की विणून झालेली आख्खी शाल अंगठीतून ओढून काढता येते. तिची खरी ओळख मात्र ‘नुप्प’. नुप्प म्हणजे कळी, बोंड, फुगीर गाठ. एकाच टाक्यातून सुलट, दोरा, सुलट, दोरा असे करत सैल हाताने सात टाके काढायचे आणि परतीच्या ओळीत ते सातही एकत्र उलट विणायचे. सुई त्या सातांतून एका दमात जायला हवी. हात घट्ट असेल तर ती जातच नाही. जाळीदार विणीत ही बोंडे उठून दिसतात आणि शालीला वजन देतात. जगभरच्या विणकाम करणाऱ्या बायकांनी हा शब्द जसाच्या तसा उचलला आहे; इंग्रजीत विणणाऱ्याही ‘नुप’च म्हणतात. छोट्या भाषेतून मोठ्या भाषेत गेलेले शब्द मुळात थोडे. त्यांतला हा एक कळीएवढा शब्द विणकामातून गेला, याचा मला फार आनंद आहे.

‘किरि’ला एक प्रतिस्पर्धीही आहे: ‘मुस्तेर’. अर्थ नक्षी, नमुना. हा जर्मन ‘मुस्टर’वरून आला, तो इटालियन ‘मोस्त्रा’वरून, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘मोन्स्त्रारे’ म्हणजे दाखवणे. याच लॅटिन मुळातून फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘मस्टर’ झाला, आणि त्यातून आपल्या कचेऱ्यांत, गिरण्यांत, रोजगार हमीच्या कामावर सह्या करायचे ‘मस्टर’. हजर आहे हे दाखवण्याचे पुस्तक. मुहू या एस्टोनियन बेटावरच्या गुलाबी-नारिंगी भरतकामाचा ‘मुस्तेर’ आणि मराठी कामगाराचा हजेरीपट एकाच शब्दाचे नातलग निघतात. मुहूचा तो झगझगीत गुलाबी रंगही बाहेरूनच आला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखान्यातले रंग बेटावर पोचले तेव्हा. बायकांनी तो असा आपलासा केला की आज त्याला ‘मुहूचा गुलाबी’च म्हणतात. परंपरा शुद्ध ठेवण्याची भाषा करणाऱ्यांनी हा गुलाबी रंग जरूर पाहावा.

जर्मन व्यापारी, सरदार आणि पाद्री शतकानुशतके एस्टोनियात मालक होते, आणि हस्तकलेच्या शब्दांत त्यांच्या खुणा जागोजाग आहेत. पण एस्टोनियन तोंडाला शब्दाच्या सुरुवातीचे जोडाक्षर पूर्वी चालत नसे. आपल्याकडे स्टेशनचे टेसन झाले, त्याच वाटेने तिथला ‘स’ गळाला. भरतकाम करणे या अर्थाचा जर्मन ‘श्टिकेन’ आणि त्याचे उत्तरेकडचे भावंड ‘स्टिकेन’. त्याचे झाले ‘तिक्किमा’. लेसला जर्मनमध्ये ‘श्पित्स’; तिचे ‘पित्स’, आणि हाप्सालूच्या शालीची झालर ही ‘पित्स’. किह्नू बेटावरच्या बायकांचा लोकरी घागरा ‘क्योर्त’. त्याच्या मागे उत्तर जर्मनांचा ‘शोर्ते’. इंग्रजी शर्ट आणि स्कर्ट त्याचेच भाऊबंद.

किह्नूचा हा ‘क्योर्त’ आजही रोजच्या वापरात आहे. पुरुष समुद्रावर, बेट बायकांच्या हाती, अशी तिथली जुनी घडण. युनेस्कोने 2003 साली या बेटाच्या संस्कृतीची दखल घेतली. घागऱ्याच्या उभ्या पट्ट्यांवरून बाईचे दिवस कळतात. आनंदात लाल जास्त. घरात मरण झाले की काळा-निळा; दुःख ओसरत जाईल तसतसा घागऱ्यागणिक लाल परत येतो. बाईला तोंडाने काही सांगावे लागत नाही. याला ‘किरि’ म्हणायचे नाही तर कशाला?

‘स’ गळालेला सर्वांत थोर शब्द मात्र पैशाचा आहे. ‘राहा’ म्हणजे पैसा. जुन्या जर्मनिक भाषेतल्या ‘स्क्राहा’सारख्या, वाळवलेले कातडे अशा अर्थाच्या शब्दावरून तो आला, असे अभ्यासक मानतात. उत्तरेत खारीची कातडी चलन म्हणून चालत, तेव्हाचा तो शब्द. पुढे चांदीची नाणी आली, शब्द टिकला. आणि नाणी दागिन्यांत गेली.

हे पाहायचे तर आग्नेयेच्या कोपऱ्यात, सेतो लोकांकडे जायला हवे. लग्न झालेली सेतो बाई सणाच्या दिवशी अंगावर कित्येक किलो चांदी घालते: साखळ्यांवर साखळ्या, आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेसारख्या नाण्यांच्या माळा, आणि छातीवर शंकूसारखा उंच, ताटलीएवढा रुंद, वर कोरीव काम केलेला चांदीचा ब्रोच. सेतो बाई दिसायच्या आधी ऐकू येते, असे म्हणतात. ब्रोचला ‘सोल्ग’. इथला ‘ओ’ म्हणताना ओठ गोल करायचे नाहीत. तो स्वर मराठीत नाही. फिनिशमध्ये तोच ‘सोल्कि’. मुळात ही सदऱ्याच्या गळ्याची चीर बंद करायची साधी कडी होती. ती वाढत वाढत शंकू झाली तेव्हा तिला ‘कुहिक्सोल्ग’ म्हणू लागले. ‘कुहि’ म्हणजे ढीग, गवताची गंजी. शेतकऱ्यांनी ठेवलेले नाव ते.

माळेत मधोमध कधी चांदीची गोल चकती लोंबते. अशा माळेला ‘पातेर’. रोमन कॅथलिक काळातल्या जपमाळेवरून, ‘पातेर नोस्तेर’ या प्रार्थनेच्या पहिल्या शब्दावरून हे नाव पडले. सोळाव्या शतकात देश ल्यूथरच्या पंथाकडे वळला, जपमाळा गेल्या. प्रार्थना विसरली तरी माळ गळ्यात राहिली, आणि प्रार्थनेचा पहिला शब्द तिचे नाव होऊन राहिला. गोव्यात आणि वसईत पोर्तुगीज ‘पाद्रे’वरून आलेला आपला ‘पाद्री’ याच ‘पातेर’चा भाऊ.

दागिन्याला एस्टोनियनमध्ये ‘एहे’. आणि अस्सल, निखळ या विशेषणालाही ‘एहे’. प्रथमेत दोन्ही रूपे सारखी. षष्ठी आली की फरक कळतो, दागिन्याचे ‘एह्ते’, अस्सलचे ‘एहेदा’. अस्सल या अर्थाचा आणखी एक शब्द ‘एह्त्ने’, तो सरळ जर्मन ‘एख्त’वरून आलेला. तालिनच्या कला अकादमीत दागिनेकलेच्या प्राध्यापक असलेल्या काद्री मॅल्क (1958–2023) यांचे काम पाहिले की या दोन ‘एहें’ची जवळीक उगीच नाही असे वाटते. त्यांच्या दागिन्यांत लोकनक्षी जवळपास नाही. काळे दगड, काळवंडलेली चांदी, कधी केसाळ कातडे. 2008 साली त्यांनी जगभरच्या कलावंतांचे काळ्या दागिन्यांचे प्रदर्शन मांडले, त्याचे नाव ‘जस्ट मस्ट’. एस्टोनियनमध्ये ‘मुस्त’ म्हणजे काळा, तेव्हा अर्धे नाव इंग्रजी, अर्धे घरचे. पण हातात घेतलेला पदार्थ स्वतः काय सांगतो ते ऐकत बसण्याची शिस्त, तिच्यात मला सेतो सोनार आणि किह्नूची विणकर दोन्ही दिसतात. काहेक्साकांद न काढताही परंपरेत राहता येते, याचा याहून चांगला दाखला मी देऊ शकत नाही.

कॅर्त सुम्मातावेत यांनी दुसरी वाट धरली. त्याही दागिने घडवतात. हेलसिंकीत 2005 साली पूर्ण केलेला त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध परंपरागत दागिने आणि हस्तकलेतून दिसणाऱ्या बाईच्या आयुष्यावर आहे, आणि तो दोन म्हाताऱ्या कारागीर बायकांच्या तोंडून सांगितला आहे: सेतोंची आने आणि किह्नूची रोसी. संग्रहालयातल्या काचेमागचे दागिने उतरवून घेण्यापेक्षा ते ज्यांच्या अंगावर होते त्यांच्याशी बोलून मग हातोडी उचलायची, ही त्यांची पद्धत.

‘हस्तकला’ला तिथला शब्द ‘कॅसित्यो’: ‘कॅसि’ हात, ‘त्यो’ काम. हातकाम. उपयोजित कलेला ‘तार्बेकुन्स्त’: ‘तार्बे’ गरजेचा, ‘कुन्स्त’ जर्मनांकडून आलेली कला. तालिनमध्ये 1980 साली सुरू झालेल्या संग्रहालयाच्या नावात ‘तार्बेकुन्स्त’ आहे, त्याच्या जोडीला ‘दिसाइन’ आहे, आणि ते ज्या इमारतीत आहे ती सतराव्या शतकातली धान्याची कोठी.

‘हातोडी’ म्हटले, तिथे मराठी वाचकाने जरा जवळ यावे. एस्टोनियन सोनाराच्या हातोडीचे नाव ‘वसर’. फिनिशमध्ये ‘वसरा’. भाषाशास्त्रज्ञ हा शब्द इंद्राच्या ‘वज्रा’पासून आला असे मानतात, संस्कृत आणि अवेस्ता यांच्या आधीच्या समाईक भाषेतून, सुमारे चार हजार वर्षांपूर्वी, व्होल्गा आणि उरलच्या परिसरात. एस्टोनियनची पूर्वज भाषा बोलणारे तेव्हा जंगलात राहत, आपल्या भाषेची पूर्वज बोलणारे दक्षिणेच्या गवताळ प्रदेशात धातू ओतत. इराणी बाजूला याच शब्दाचा ‘वझ्र’ झाला, त्याचा फारसीत ‘गुर्ज’, आणि तो शिवकाळातल्या शस्त्रांच्या यादीत आपल्याकडे परत आला. एस्टोनियात तो ना इंद्राकडे राहिला ना सैनिकाकडे. चांदीचा पत्रा ठोकून शंकू करणाऱ्याच्या हाती गेला.

आपला ‘शत’ही याच वाटेने तिथे ‘सदा’, म्हणजे शंभर, झाला. टोकदार सळईला तिथे ‘ओरा’ म्हणतात आणि फिनिशमध्ये ‘ओरा’ म्हणजे भोक पाडायचे हत्यार. संस्कृतात ‘आरा’, ऋग्वेदात पूषाच्या हातातली. मराठीत चांभाराची ‘आरी’, जरीकाम करणाऱ्यांचीही ‘आरी’.

आणि सूतकताई. ‘केत्रमा’ म्हणजे सूत कातणे. टकळीच्या खालच्या गोल चकतीला ‘केदेर’, टकळीला ‘केदेर्वार्स’. ‘वार्स’ म्हणजे दांडा. फिनिशमध्ये हाच ‘केह्र्या’. हा शब्दही त्याच जुन्या शेजारातून घेतलेला मानतात, आणि त्याचा संस्कृत जोडीदार ‘चात्र’. अरणीमंथनात दोरीने फिरवतात त्या दांड्याला यज्ञाच्या ग्रंथांत चात्र म्हणतात. म्हणजे फिरणारी टकळीच. मराठीत चरख्याच्या ज्या लोखंडी सळईवर सूत गुंडाळले जाते तिला आपण ‘चाती’ म्हणतो. ही कताई आजही शिकवली जाते: विल्यांदीत तार्तू विद्यापीठाची संस्कृती अकादमी आहे, तिथे मुले देशी वस्त्रकला शिकतात आणि मेंढीच्या लोकरीपासून सुरुवात करतात. विंचरायची, मग कातायची, मग किरि.